अंबत्तूरच्या गच्चीवरून

कराड, ८ जानेवारी २००६

चि. सौ. कीर्ती आणि चि. सिद्धार्थ,

दोघांनाही आशीर्वाद. हे पत्र सिद्धार्थ वाचणार नाही हे मला पक्कं माहीत आहे. तू "बाबांचं पत्र आलंय" म्हणशील, तो "बरे आहेत ना?" म्हणेल आणि आंघोळीला जाईल. तरी नाव घालतो. पत्रातून मुलाचं नाव गळलेलं त्याच्या आईला चाललं नसतं.

परवाची फेरी आपली हुकली. अंतराळ स्थानक माझ्या डोक्यावरून चकचकीत निघून गेलं, मी इंटरनेटवरच्या आपल्या फोरमवर नोंद केली, आणि चेन्नईकडून काहीच नाही. तुमच्याकडचं आकाश स्वच्छ होतं, मी हवामान पाहिलं होतं. तुला नियम नव्याने सांगायला नको, पण चिडलोय म्हणून सांगतो : उपग्रह तोच, फेरी तीच, दोघांनी आपापल्या गावातून पाहायची. एकाने पाहून भागत नाही. नागपूर-विशाखापट्टणमवाली जोडी आपल्या पुढे गेली. त्यातला नागपूरचा गृहस्थ तर माझ्याहून म्हातारा आहे.

हा खेळ सिद्धार्थनेच माझ्या गळ्यात बांधला. कॉम्प्युटर आणून दिला, नाव नोंदवलं, चेन्नईतली तुमची अंबत्तूरची जागा अक्षांश-रेखांशासकट भरली आणि चार महिन्यांत स्वतः कंटाळला. त्याची जागा तू घेतलीस म्हणून जोडी टिकली. मी आयुष्यभर मोजणी खात्यात लोकांच्या बांधांवर साखळ्या ओढल्या. आता वर बघायला मिळतंय तर एकट्याने बघण्यात मजा नाही.

या महिनाअखेरीस इरिडियम उपग्रहांच्या चमका आहेत. त्या ज्याच्या त्याने आपल्या गच्चीवरून पाहायच्या, त्यांचे गुण वेगळे. एक तरी पाहा.

फोन करू नकोस. कान पार गेलेत, अर्धं बोलणं हवेत जातं.

बाबा

*

अंबत्तूर, २१ जानेवारी २००६

ती. बाबांना नमस्कार,

रागावू नका. त्या संध्याकाळी मी कंपनीच्या बसमध्ये होते. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यातून निघालो आणि वाटेत ट्रक उलटलेला. खिडकीच्या काचेला काळी फिल्म आहे, तिच्यातून सूर्यसुद्धा धड दिसत नाही. बसमध्ये ड्रायव्हर सोडून सगळे झोपलेले असतात, आणि ड्रायव्हरबद्दल मला अधूनमधून शंका येते.

कारखान्यात ब्रेकच्या नळ्यांचा मोठा माल परत आलाय. आमच्या क्वालिटीच्या टेबलावर दिवसभर नळी उचल, दिव्याकडे धर, खाली ठेव. घरी आलं की डोळ्यांपुढे नळ्याच दिसतात. मग गच्चीवर जाऊन वर पाहायचं म्हणजे मान नको म्हणते. पण तुम्ही तिकडे उभे असता हे आठवतं आणि जाते. हे मी उगाच गोड बोलत नाही. दिवसभरात स्वतःहून केलेली माझी तेवढीच एक गोष्ट असते.

सिद्धार्थ बरा आहे. ऑफिसच्या कामासाठी बंगळूरला जाऊन-येऊन असतो. तुम्हाला मेल करायला सांगितलंय.

पत्राला उत्तर उशिरा जातं, कारण पत्र खाली घरमालकीणबाईंकडे पडून असतं. मी रविवारी जाते तेव्हा कामाक्षी अम्मा "मामनार लेटर!" म्हणून असं ओरडतात की सगळ्या गल्लीला कळतं माझ्या सासऱ्यांचं पत्र आलं.

चमक नक्की पाहीन.

कीर्ती

*

कराड, १२ फेब्रुवारी २००६

चि. सौ. कीर्ती,

आशीर्वाद. आज माझं डोकं तापलंय, अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

तू रविवारच्या पहाटेच्या चमकेची नोंद टाकलीस ती मी वाचली, आणि खरं सांगतो, माझे डोळे भरले. इतकी वर्षं मी फोरमवर "दिसला, तेजस्वी, ढग नाहीत" असलं वाचतोय. आणि तू लिहिलंस की गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोऱ्यांमधून बघत होतीस, आधी काहीच नव्हतं, मग एक ठिपका फुगत फुगत एवढा झाला की शुक्र त्याच्यापुढे मिणमिणता वाटला, आणि तू एकटीच मोठ्याने हसलीस. किती दिवसांनी हसले, असंही लिहिलंस. इंग्रजीत होतं तरी मला तुझा आवाज ऐकू आला.

आणि आपले पंच, हैदराबादचे शेषगिरी, त्यांनी ती नोंद बाद केली! म्हणे अंबत्तूरहून ही चमक फार तर एखाद्या साध्या ताऱ्याएवढी दिसायला हवी, सदस्याने अतिशयोक्ती केली आहे किंवा पाहिलंच नाही. भर फोरमवर, सगळ्यांसमोर. मी त्यांना लिहिलं की माझी सून न पाहिलेलं लिहिणार नाही. ती कारखान्यात केसाएवढी चीर गेलेली नळी बाजूला काढणारी मुलगी आहे. त्यांचं उत्तर आलं, "सर, भावना समजतो, पण गणित गणित असतं."

गणित मला शिकवतो! मी हे प्रकरण सोडणार नाही.

सिद्धार्थचा मेल आला. दोन ओळी. त्याला म्हणावं तिसरी लिहिली तर बोटं झिजत नाहीत.

बाबा

*

अंबत्तूर, २२ फेब्रुवारी २००६

ती. बाबा,

तुम्ही माझ्यासाठी भांडलात ते मी ब्राउझिंग सेंटरमध्ये बसून वाचलं. पण आता सोडून द्या. शेषगिरींचं बरोबर असेल. मी झोपेतून उठून गेले होते, डोळे चोळत होते, काहीतरी जास्त वाटलं असेल. विमानाचा दिवासुद्धा असू शकतो. गुण जाऊ देत. मी त्यांना "माझी चूक झाली" असं लिहून टाकते, म्हणजे विषय संपेल.

खूप दमलेय बाबा. वाद नको.

कीर्ती

*

कराड, ५ मार्च २००६

चि. सौ. कीर्ती,

आशीर्वाद.

"माझी चूक झाली" असं लिहू नकोस, असं सांगायला हे पत्र घेतलं होतं. पण फोरमवर पाहिलं तर तू आधीच लिहून मोकळी झालीस. जी गोष्ट बघून तू हसलीस, ती आपण पाहिलीच नाही असं तू लिहिलंस. मला ते फार लागलं.

आता मी काय केलं ते सांगतो. चमक म्हणजे काय, उपग्रहाच्या आरशासारख्या पत्र्यावरून उन्हाची तिरीप जमिनीवर पडते. तिचा पट्टा चार-पाच कोसांचा. पट्ट्याच्या मधोमध उभं राहिलं तर डोळे दिपतात, बाजूला सरकलं तर काही नाही. मी म्हटलं, मुलगी खरं बोलते हे धरून चालू. मग ती पट्ट्यात असली पाहिजे. फोरमवर एक पान आहे, त्यावर कुठलीही जागा भरली की चमक किती दिसेल ते कळतं. मी अंबत्तूरपासून सुरुवात केली आणि नकाशावर एकेक गाव पश्चिमेला सरकत गेलो. पूनमल्लीला थोडी वाढली. श्रीपेरुंबुदूरला आलो आणि तू लिहिलंस तशीच्या तशी जुळली.

मी खूश झालो. म्हटलं, हात्तिच्या! शनिवारची रात्रपाळी असणार, पहाटे कारखान्यातून पाहिली, जागा बदलून लिहायची विसरली. शेषगिरींना लिहायला बसलोसुद्धा. मग तुझे ते कपडे वाळत घालायचे दोरे आठवले. ब्रेकच्या नळ्या करणाऱ्या कारखान्याच्या गच्चीवर रविवारी पहाटे कुणाचे कपडे वाळतात?

शेषगिरींना मी अजून काही लिहिलेलं नाही.

बाळा, तू राहतेस कुठे? आणि तुझ्याबरोबर कोण आहे?

रात्रपाळी होती असं लिहिलंस तर मी मान्य करीन. पुन्हा विचारणार नाही.

बाबा

*

श्रीपेरुंबुदूर, १४ मार्च २००६

ती. बाबा,

रात्रपाळी नव्हती.

वरचं गाव बघितलंत ना. दिवाळीनंतर मी इथेच राहते. कारखान्यातल्या दोघी मुलींबरोबर एक खोली आहे, त्यांची नावं कधी सांगेन. अंबत्तूरचं घर सोडलं. एकटीसाठी एवढं मोठं घर ठेवण्यात अर्थ नव्हता आणि बसचे दोन तास वाचतात. रविवारी मी तुमचं पत्र आणायला अंबत्तूरला जाते. कामाक्षी अम्मांना सगळं माहीत आहे. त्या मला कॉफी पाजतात आणि काही विचारत नाहीत.

सिद्धार्थ बंगळूरलाच असतो. वर्ष होऊन गेलं. गेल्या गणपतीत तो एकटा कराडला आला आणि "कीर्तीला रजा नाही" म्हणाला, तेव्हाही आम्ही वेगळेच राहत होतो. दुसरं कोणी नाही बाबा, ना त्याच्याकडे ना माझ्याकडे. भांडणही झालं नाही. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. तो यायचा तेव्हा मी झोपलेली, मी निघायचे तेव्हा तो झोपलेला. रविवारी दोघं समोरासमोर बसलो की बोलायला काही सुचायचं नाही, मग टीव्ही. एक दिवस म्हणाला, बंगळूरची नोकरी घेतलीय. मला चल म्हणाला नाही. मीही येऊ का विचारलं नाही. आता दोघांच्या संमतीने घटस्फोटाचे कागद करतोय.

तुम्हाला तो सांगणार होता. दर वेळी म्हणायचा, मी सांगतो, तू नको बोलूस. मी वाट बघत राहिले. हे मी त्याच्यावर ढकलत नाही. त्याने नाही सांगितलं तर मी सांगू शकले असते. नाही सांगितलं, कारण मला सांगायचं नव्हतं.

माझ्या माहेरी दादा म्हणतो, जुळवून घे, नाहीतर इकडे तोंड दाखवू नकोस. आई त्याच्यापुढे बोलत नाही. इथे दिवसभर मोडकंतोडकं तमिळ आणि मोडकंतोडकं इंग्रजी. या सगळ्यात तुमचं पत्र एवढंच येत होतं, भांडखोर आणि लांबलचक. मी सून राहिले नाही की तेही थांबणार, हे मला दिसत होतं. सासऱ्याने मुलाच्या सोडलेल्या बायकोला पत्रं लिहीत बसावं असं कुठे असतं? म्हणून अंबत्तूरच्या गच्चीवरून लिहीत राहिले.

आकाशातलं मात्र एकही खोटं लिहिलं नाही. जे दिसलं तेच. ती चमक खरी होती बाबा.

कीर्ती

*

श्रीपेरुंबुदूर, ९ एप्रिल २००६

ती. बाबा,

तुमचं पत्र नाही. फोरमवरही तुमची नोंद नाही. महिनाभर तुम्ही एकही फेरी पाहिली नाही असं कधी झालेलं नाही. आजारी नाही ना? सिद्धार्थला मेल केला, त्याचं उत्तर नाही.

रागावला असाल तर तसं लिहा. शिव्या द्या, चालेल. नुसतं गप्प नका राहू.

कोर्टाची पहिली तारीख पाच मेला आहे. तुम्हाला कळवणं योग्य की अयोग्य ते मला समजत नाही, म्हणून कळवते.

कीर्ती

*

कराड, २० एप्रिल २००६

चि. सौ. कीर्ती,

आशीर्वाद. आजारी नव्हतो. रागावलो होतो. मग मिरजेहून गाडी धरून बंगळूरला गेलो. आल्यावर परत रागावलो. एवढ्यात महिना गेला. म्हाताऱ्या माणसाला राग पचवायला वेळ लागतो.

त्याच्यावर जेवढा रागावलो त्याच्यापेक्षा तुझ्यावर जास्त. तो लहानपणापासून तसाच आहे, शाळेत मार्क कमी पडले तरी आठवडा आठवडा प्रगतिपुस्तक दप्तरात ठेवायचा. पण तू दर पत्रात "सिद्धार्थ बरा आहे" लिहायचीस आणि मी ते खरं धरून इथे शांत झोपायचो. संध्याकाळी फेरीच्या वेळी वर बघताना मी मनात तुम्हा दोघांना त्या गच्चीवर उभं करायचो. तू इकडे मान वर करून, तो तिकडे मोबाइलवर. वर्षभर मी रिकाम्या गच्चीवर माणसं उभी करत होतो. याचा मला फार अपमान वाटला, आणि तो तू केलास.

सांगून झालं. आता पुढचं.

त्याच्या घरी चार दिवस राहिलो. पोहे करून घातले त्याने, कच्चे. मी विचारलं, नक्की काय झालं? म्हणाला, "काही झालं नाही बाबा, तेच तर." तूही तेच लिहिलंस. दोघांचं एकमत व्हायला हीच गोष्ट सापडली तुम्हाला. तो वाळलाय. मी त्याला बोलायचं ठरवून गेलो होतो आणि त्याच्या तोंडाकडे बघून बोलवेना.

पाच मेला मी येणार नाही. तू मागितलं नाहीस, पण मनात आलं असेल, माझ्याही आलं. तिकीट काढायलाही निघालो होतो. पण आलो तर कुणाच्या शेजारी बसू? तुझ्या शेजारी बसलो तर पोटच्या पोराला त्याचा बाप समोरच्या बाजूला दिसणार. त्याच्या शेजारी बसलो तर तुला मी तोंड दाखवू शकणार नाही. मला यातलं काहीच जमणार नाही. मला तुझा पाठीराखा समजू नकोस, मी तेवढ्या धैर्याचा माणूस नाही.

वर "चि. सौ." लिहिलं आणि पेन थांबलं. कागद होईपर्यंत लिहीन. नंतर "सौ." जाईल. "चि." राहील, ते कोर्टाच्या हातात नाही. पत्र थांबणार म्हणून तू एवढं सगळं रचलंस! वेडी कुठली. तू विचारून तरी बघायचं होतंस.

निघायच्या दिवशी सिद्धार्थ म्हणाला, "बाबा, आता तुमच्या त्या खेळात मीच परत येतो. चेन्नईऐवजी बंगळूर टाकू." बिचाऱ्याने माझी कीव करून म्हटलं, मला कळलं. मी त्याला सांगितलं, तुला खेळायचं तर दुसरी जोडी शोध, माझा माणूस ठरलेला आहे.

शेषगिरींना तुझी खरी जागा कळवली. त्यांनी माफी मागितली, जाहीरपणे. गुण परत दिले. आपण अजून नागपूरच्या मागेच आहोत.

पाच मेच्या संध्याकाळी एक चांगली फेरी आहे, दोन्ही गावांतून दिसणारी. मी गच्चीवर असेन. तुला जमलं तर.

बाबा

*

श्रीपेरुंबुदूर, ६ मे २००६

ती. बाबा,

काल तारीख झाली. सकाळभर बाकावर बसले आणि आत दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सिद्धार्थ वेळेवर आला होता, इस्त्रीच्या शर्टात. आम्ही खाली टपरीवर चहा घेतला. तो म्हणाला, "बाबा तुला अजून लिहितात?" मी हो म्हटलं. जाताना म्हणाला, "बरं झालं." तो मनापासून म्हणाला असं मला वाटलं. खरंच वाळलाय तो.

तुम्ही आला नाहीत ते बरोबर केलंत. बाकावर शेजारी जागा होती आणि तिकडे सारखी नजर जात होती, हेही सांगते. आता तुमच्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलंय, म्हणून.

परतताना बसला उशीर झाला. मी कोपऱ्यावरच उतरले आणि पळत सुटले. चपला हातात घेऊन जिना चढले. खोलीतल्या मुलींना वाटलं काहीतरी विपरीत झालं, त्या माझ्या मागे धावत वर आल्या. त्यांना उपग्रह वगैरे समजावण्याएवढा दम नव्हता. पश्चिमेकडून ढग आले होते. थोडं उघडं होतं तेही माझ्यादेखत मिटलं. फेरी सुरू झाली असणार, तुमच्याकडून निघून माझ्याकडे येत असणार, आणि इथे नुसता राखाडी रंग.

आज फोरमवर तुमची नोंद पाहिली : दिसला, तेजस्वी, ढग नाहीत. त्याखाली मी माझी टाकली : ढग, दिसला नाही. आपल्या जोडीला शून्य गुण. नागपूरवाल्यांना दिसलाय.

पण मुली खाली गेल्यावरही मी गेले नाही. फेरी संपेपर्यंत तिथेच उभी होते.

कीर्ती